कोरडा पेला

तालीम संपली होती, सगळे दिवे उतरवून झाले होते, एक बल्ब तेवढा जळत होता. दिवाकाकांची सारी हयात रंगमंचावर उजेड पाडण्यात गेलेली. पोरं गोष्टीसाठी हटूनच बसली, तेव्हा ते म्हणाले, "माझ्या सख्ख्या भाचीची सांगतो. थाप वाटली तर तिलाच जाऊन विचारा."

प्रयोगानंतर भाची नाट्यगृहात परत गेली ती नुसत्या चष्म्यासाठी. गेल्या वर्षीची सहा ऑगस्ट, रात्रीचे अकरा चाळीस. पहारेकऱ्याने जांभई देत किल्ली दिली. चष्मा रंगपटातल्या आरशापुढेच होता, लगेच सापडला. पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्या संध्याकाळी तिने दिलेला शब्द मोडला होता.

तिचा एकपात्री प्रयोग अणुबॉम्बमधून वाचलेल्या एका आजीबाईंच्या जबानीवर होता. बॉम्ब पडला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या. सहा वर्षांची भाजलेली बहीण रात्रभर पाणी मागत होती. भाजलेल्याला पाणी दिलं तर तो जातो, असं मोठी माणसं सांगत होती, म्हणून त्यांनी दिलं नाही. पहाटे बहीण गेली ती गेलीच, वर तहानलेली. आजीबाईंनी भाचीचा हात घट्ट धरला होता. "मी दिलं नाही, हे असंच सांग. मला यातून सोडवू नकोस." पुढे दोन महिन्यांत त्या वारल्या.

आणि निर्माता म्हणजे तोंडात साखर. "ताई, तिकीट काढून जड मनाने घरी जायला कुणाला आवडतं? शेवटी देऊन टाका की पाणी. म्हातारी थोडीच बघायला येतेय!"

भाचीने दिलं. म्हणजे पेला पुढे केला. रंगमंचावरचा पेला कोरडाच असतो, पाण्याचा नुसता अभिनय. टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

"टाळ्या गोडच लागतात रे," काका मध्येच म्हणाले. "तिलाही लागल्या. तीच तर लाज."

बाहेर जायची वाट रंगमंचावरून होती. तिथे रात्रीचा एकच बल्ब जळत होता. खाली स्टूल. स्टुलावर पेला.

काठोकाठ भरलेला.

तिने उचलला. गार लागला.

"ताई... पाणी..."

पडद्याजवळून. लहान मुलीचा आवाज. घसा सुकलेला.

दोन पावलं टाकायची. संध्याकाळी किती सहज टाकली होती! आता पाय उचलेना. द्यावं तर... न द्यावं तर...

"ताई..."

मग बराच वेळ काही नाही.

"ताई..."

पहाटे आवाज थांबला.

पहारेकऱ्याला जाग आली तेव्हा ती तशीच उभी होती. पेल्यातला थेंबही कमी झाला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळच्या प्रयोगाला तिने तोच भरलेला पेला स्टुलावर ठेवला. शेवटी त्याला हात न लावता म्हणाली, "मी दिलं नाही." एक टाळी पडली नाही. लोक खाली मान घालून बसून राहिले. निर्मात्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दिव्यांवर बसलेल्या काकांनी उजेड वाढवला.

पेला रिकामा होता.

काका थांबले. कुणीतरी हळूच विचारलं, "मग... तिला मिळालं का हो पाणी?"

काकांनी दिव्यांची पेटी उघडून तोच पेला काढला आणि बल्बखाली धरला. काठावर काजळी होती, इवल्याशा ओठांची.

"आजच, तुम्ही यायच्या आधी, घासून लख्ख करून ठेवला होता मी," काका म्हणाले.