बनाबाईंचा दिवा

सुप्याच्या माळावर, रामहरीच्या शेतात, अनिताबाईंनी दुर्बीण उभी केली तेव्हा तिन्हीसांज सरली होती. बारामतीच्या महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांचा एकच ध्यास उरला होता: सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या सर्पिल दीर्घिकेचं निर्दोष छायाचित्र. आजची रात्र अखेरची. उद्या बांधापलीकडच्या पेट्रोलपंपाचे दिवे लागणार होते. प्रगतीला अंधाराचं वावडं असतं.

आणि आजच रामहरीच्या ओसरीत, दुर्बिणीच्या ऐन समोर, दिवा तेवत होता. हनुवटीवर तीन टिंबं गोंदलेली त्याची आई, बनाबाई, पाच दिवसांपूर्वी तिथंच वारली होती.

कॅमेऱ्याचे दोष कळावेत म्हणून आधी काही चित्रं दुर्बिणीचं तोंड झाकून घ्यावी लागतात. अनिताबाईंनी झाकण लावलं आणि ओसरी गाठली.

“सारजाबाई, तो दिवा आत घ्या.”

“दहा दिस जागचा हालवत न्हाईत, बाई,” रामहरीची बायको म्हणाली. “सासूबाईंस्नी वाट दिसाया नको व्हय?”

“दोन कोटी वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज इथं पोचतो आहे. तो या वातीपायी वाया घालवू?”

“दोन कोट वरसं चालला नव्हं? मग आजून पाच दिस दम धरंल की!”

आतून कुणीतरी हसलं. अनिताबाईंची कानशिलं तापली. ज्या अज्ञानाशी त्या जन्मभर फळ्यापुढे उभ्या राहून झुंजल्या, ते आता त्यांनाच हसत होतं. सारजा चुलीकडे वळताच त्या वाकल्या आणि त्यांनी फुंकर मारली.

तशाच संतापात परतल्या, संगणकावर रात्रभर चित्रं टिपण्याचा क्रम लावला आणि गाडीत जाऊन पडल्या.

पहाटे उठून पाहतात तो झाकण तसंच. रात्रभर कॅमेऱ्यानं फक्त झाकणाची आतली बाजू टिपली होती. स्वतःच्या मूर्खपणाचा पुरावा डोळ्यांनी पाहावा म्हणून त्यांनी चित्रं उघडली.

पहिलं काळं. दुसरं काळं.

विसाव्यात मधोमध पिवळा ठिपका.

साठाव्यात ज्योत, आणि तिला वाऱ्यापासून जपणारा सुरकुतलेला तळहात.

ऐंशीव्यात हनुवटी. तीन हिरवी टिंबं.

शेवटच्या चित्रात नुसते ओठ होते, फुंकर घालायला जुळलेले. खाली चित्र टिपल्याची वेळ होती: पाच वाजून सव्वीस मिनिटं.

अनिताबाईंनी मनगटाकडे पाहिलं.

पाच चोवीस.