शेवटच्या माणसाच्या मागे

पहिल्याच दिवशी, सुरुवातीच्या फलकापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, तो तिला रस्त्याच्या कठड्यावर बसलेला दिसला. सायकल गवतात आडवी, समोर समुद्र, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की जणू सहल इथेच संपणार होती.

"पंक्चर?" तिने विचारलं.

"नाही."

"मग चेन उतरली?"

"नाही हो. मीच उतरलो."

तिला हसू आलं. पाहुण्यांना हसायचं नाही, ही आत्याची सक्त ताकीद होती. म्हणून तिने उगाच वाकून त्याचं मागचं चाक दाबून पाहिलं. हवा उत्तम होती. दम मालकाचाच गेला होता.

ही सहल तिच्या आत्याची. सात दिवस, बारा सायकली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चारशे किलोमीटरचा रस्ता. आत्या सामानाची व्हॅन घेऊन पुढे जायची आणि भाची हत्यारांची पिशवी पाठीला लावून सगळ्यांच्या मागून यायची. नियम एकच होता – शेवटचा माणूस कितीही रेंगाळो, तिने त्याला ओलांडायचं नाही, त्याला मागे सोडायचं नाही. म्हणून सगळे तिला 'शेपूट' म्हणायचे. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

हा शेवटचा माणूस चष्म्याच्या दुकानाचा मालक निघाला. बहिणीने वाढदिवसाची भेट म्हणून परस्पर त्याचं नाव घातलं होतं. सायकल त्याने शाळा सुटल्यापासून चालवली नव्हती.

"बहिणीशी भांडण आहे का तुमचं?" तिने विचारलं.

"आता होईल," तो म्हणाला आणि कण्हत पुन्हा सीटवर चढला.

दुसऱ्या दिवशी तो व्हॅनमध्ये बसेल, अशी आत्याची खात्री होती. पण तो बसला नाही. चढ आला की उतरायचा, सायकल हाताने ढकलायचा आणि वर पोचला की पाच मिनिटं समुद्राकडे बघत राहायचा. इतके मंद पाहुणे तिने बरेच पाहिले होते. मात्र इतक्या मंद माणसाच्या मागे आपल्याला घाई का वाटत नाही, हे तिला कळेना.

तिसऱ्या दिवसापासून समोरून वारा सुटला. अशा वाऱ्याची एक गंमत असते. पुढचा बोलतो ते मागच्याला कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं, पण मागच्याचा शब्द पुढे जातच नाही. वारा तो उचलून मागच्या मागे नेतो. चष्मेवाला वळून न बघता बोलत राहायचा – दुकानाबद्दल, बहिणीबद्दल, कशाहीबद्दल.

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो मी," एकदा तो म्हणाला, "पण माझ्याकडे एकजण बघेल तर शपथ. सगळे भिंतीवरची अक्षरं वाचत असतात."

"मी बघते आहे ना," ती म्हणाली.

तो काहीच बोलला नाही, कारण त्याला ऐकूच आलं नव्हतं. आणि मग तिला त्या खेळाची चटकच लागली. तो विचारायचा, "अजून किती राहिलं?" ती म्हणायची, "संपूच नये." तो म्हणायचा, "आज पाय बरे आहेत माझे." ती म्हणायची, "शर्टही बरा आहे." मग चहाच्या टपरीवर तो तक्रार करायचा, "तुम्ही काही बोलतच नाही हो. मी आपला एकटाच बडबडतो…" ती कपात तोंड लपवायची.

त्याची पाठ आता तिला चेहऱ्यासारखी वाचता यायची. दमला की डावा खांदा उतरायचा, खूश असला की मान किंचित कलायची. हे काय होऊन बसलंय ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि भीतीही वाटत होती. सहलीतला माणूस सातव्या दिवशी दुपारी दोनच्या रेल्वेने घरी जातो. तीन वर्षांपूर्वी एकजण असाच गेला होता, फोन करतो म्हणून. त्यानंतर कितीतरी दिवस ती फोन उशाशी घेऊन झोपायची. पुन्हा ते नको, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

सहाव्या दिवशी दीपगृह आलं. रिमझिम पाऊस होता, बाकीचे केव्हाच पुढे गेले होते, आणि रस्त्यावर दोघंच. उद्या दोन वाजता तो जाणार होता. ऐकणारं कोणी नव्हतंच. तिने मन मोकळं केलं.

"उद्या तू जाशील," ती त्याच्या ओल्या पाठीला म्हणाली. 'तू' कधी तोंडात आलं, तिलाही कळलं नाही. "परवा मी दुसऱ्या बारा जणांच्या मागे असेन. त्यातला जो शेवटचा असेल त्याचा मला राग येईल – बिचाऱ्याचा काही दोष नसताना – कारण तो तू नसशील. मला तू फार आवडतोस. पहिल्या दिवशी कठड्यावर बसला होतास ना, तेव्हापासून."

बोलता बोलता पायडल हलकं झालं. तिला वाटलं, मन हलकं झालं म्हणून.

मग तिची नजर कडेच्या गवतावर गेली. गवत पुढे झुकलं होतं. तिच्या गळ्यातल्या रुमालाचं टोकही गालावरून पुढे फडफडत होतं. दीपगृहाला वळसा घालून रस्ता उलट फिरला होता आणि वारा आता पाठीमागून येत होता! हे वळण तिने साठ-सत्तर वेळा पार केलं होतं. तिथे वारा फिरतो, हे पाहुण्यांना समजावून सांगणारी तीच, आणि आज नेमकं तिच्याच ध्यानात आलं नाही.

पुढे चष्मेवाल्याचे पाय थांबले होते. सायकल आपली आपण चालली होती. त्याने मागे वळून पाहिलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मुक्कामाला पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. जेवतानाही लांबच्या टेबलावर बसला.

सातव्या दिवशी सकाळी तर कहरच झाला. चष्मेवाला सगळ्यांत आधी तयार होऊन निघाला. पहिल्या चढावर न उतरता, दात-ओठ खात, तो सगळ्यांच्या पुढे दिसेनासा झाला. आत्यासुद्धा व्हॅनच्या खिडकीतून बघत राहिली.

पळाला, तिने मनात म्हटलं. माझ्यापासून पळाला. डोळे भरून आले तेव्हा तिने वाऱ्याला दोष दिला.

आता शेवटच्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. संपायला नऊ किलोमीटर राहिले असताना कट्कन बाईंची चेन तुटली. तिने रस्त्यावर बसून ती जोडायला घेतली. हात काळेकुट्ट झाले, नेहमी पाच मिनिटांत बसणारी कडी आज बसेना. एक वाजून वीस… पाऊण तास गेला.

"तुझं लक्ष कुठंय गं?" बाईंनी विचारलं.

"कुठं नाही."

"चाळीस वर्षं वर्गात काढलीत मी. तू जा पुढे. मी येते चालत सावकाश."

तिच्या मनात आलंच. सायकल दामटली असती तर स्टेशनवर निदान त्याची पाठ तरी दिसली असती. पण बाईंचे पाय सुजले होते आणि रस्ता सुनसान होता.

"शेवटच्या माणसाला सोडून जात नाही मी," ती म्हणाली, आणि पुन्हा कडीवर वाकली.

त्या दोघी शेवटच्या टेकडीवर होत्या तेव्हा खालून दोनच्या रेल्वेची शिट्टी ऐकू आली. ती पायडल मारत राहिली.

धक्क्यावर, जिथे सहल संपते, तिथे कोणीच नसणार होतं. पण एकजण होता. पांढरा शर्ट घालून, हात खिशात घालून, उतारावरून खाली येणाऱ्या तिच्याकडे टक लावून उभा होता.

"तुमची रेल्वे गेली," ती सायकलवरून उतरत म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"जाऊ दे. पाचला दुसरी आहे."

"मग सकाळी… एवढे का पळालात?"

"सात दिवस तू मला बघितलंस," तो म्हणाला. "मी तुला सायकलवर एकदाही पाहिलं नाही. कसं बघणार? तू कायम मागे. काल तू जे बोललीस त्याचं उत्तर मला पाठमोरं द्यायचं नव्हतं. म्हणून जीव तोडून आधी आलो. तू येताना बघायचं होतं." तो थांबला. "आता बघितलं. तिसऱ्या दिवसापासून माझं मन तुझ्यात अडकलंय. तू काही बोलत नव्हतीस, म्हणून गप्प होतो."

बाई सायकल घेऊन चहाच्या टपरीकडे वळल्या. फार मोठ्याने घंटी वाजवत गेल्या.

इतके दिवस वाऱ्यावर भरभर सांडलेले शब्द आता जिभेवर येईनात. तिने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"काल बोलले ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "तुला ऐकू जात नाही असं वाटलं म्हणून बोलले. पण खरं आहे. आणि मला भीती वाटते – जाणारे परत येत नाहीत."

"रविवारी दुकान बंद असतं. शनिवारी संध्याकाळी निघेन."

"सायकलने?"

"तू सांगशील तसा."

"नको बाबा. तुझ्या वेगाने पुढचा रविवार उजाडेल. रेल्वेनेच ये."

तो हसला आणि त्याने हात पुढे केले. "माझे हात ग्रीसने…" ती म्हणेपर्यंत त्याने तिला जवळ ओढलंही होतं. क्षणभर ती हात हवेत धरून उभी राहिली. मग तिने ते त्याच्या पाठीवर टेकवले, घट्ट.

पाच वाजता तो स्टेशनच्या पायऱ्या चढून गेला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीवर, दहा काळी बोटं उमटली होती. बाईंनी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.