शेपूट

सायकलवाल्यांच्या प्रत्येक टोळक्याचे आपापले नियम असतात, आणि बाहेरच्या माणसाला ते सांगितले की तो हसतो. या पाच जणांचा नियम होता शेपटाचा. सगळ्यांत मागे राहील तो शेपूट. शेपटानं कुणाच्याही पुढे जायचं नाही. कुणाचं पंक्चर होवो, कुणाला झाडाआड जायचं असो, कुणाला नुसतंच समुद्राकडे बघत बसावंसं वाटो, शेपूट थांबणार, आणि तोंड वाकडं न करता थांबणार. दर वळणानंतर पुढून सर ओरडायचे, ‘आहात का?’ मग एकेकजण म्हणायचा, ‘आहे.’ सगळ्यांत शेवटी मागून आवाज यायचा, ‘शेपूट.’ म्हणजे माझ्यामागे कुणी राहिलेलं नाही, खुशाल चला. तो एक शब्द कानावर पडला की सर मागे वळूनही बघायचे नाहीत.

सर म्हणजे निवृत्त चित्रकलेचे मास्तर. आवाज मात्र कवायतीच्या मास्तरांचा. त्यांच्यामागे बेकरीवाला, जो तीन दिवस वाटेत मिळेल त्या पावाला नावं ठेवत होता आणि तोच पाव सगळ्यांत जास्त खात होता. त्याच्यामागे जनावरांची डॉक्टर. ती फार बोलायची नाही; तिचे पेशंटही बोलत नसल्यामुळे तिची सवय मोडली असावी, असं बेकरीवाला म्हणायचा. मग धाकटा. आणि शेवटी धाकट्याची ताई.

ताईचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर माणसं समोरच्या खुर्चीत बसवायची, डोळ्यापुढची भिंगं बदलायची आणि विचारायचं, ‘आता बरं दिसतं, की मघाशी?’ इतकी वर्षं हे केल्यावर तिचं एक ठाम मत झालं होतं. माणसाला जे भलतंसलतं दिसतं ते नंबर वाढल्यामुळे दिसतं. कुणी भुताखेतांचं काही सांगू लागलं की ती शांतपणे म्हणायची, ‘दुकानात येऊन जा एकदा.’

ताईला सायकल दामटायची हौस कमी नव्हती. या खेपेला ती शेपूट झाली होती ती भावजयीसाठी. गेल्या वर्षी धाकट्याला हमरस्त्यावर एका ट्रकनं मागून उडवलं. कित्येक महिने तो अंथरुणाला खिळून होता. भावजयीनं सायकल माळ्यावर टाकली आणि शिडी शेजारणीकडे नेऊन ठेवली. पण धाकटा हट्टी. शेवटी एक दिवस भावजय दुकानात आली, पेशंटच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही त्यांच्या मागे असाल तर जाऊ दे त्यांना. मागून येणारं त्यांना दिसत नाही हो.’ ताईला भडभडून आलं. ती म्हणाली, ‘जसा नेईन तसा तुझ्या दारात आणून उभा करीन.’

आता तो शब्द पाळायला थोडाच रस्ता उरला होता. शेवटचा दिवस होता. किनाऱ्यानं धक्क्यापर्यंत जायचं, दुपारची बोट पकडायची, की पलीकडे आपलं गाव. ती बोट चुकली तर मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

पहिल्यांदा ते झालं मिठागरांपाशी. दोन्ही बाजूंना पाण्याचे चौकोन, मध्ये सरळ बांध, त्यावरून रस्ता. ऊन चांगलं कडक होतं. सरांनी हाळी दिली, तिघांनी ‘आहे’ म्हटलं, ताई ओरडली, ‘शेपूट.’ आणि जरा वेळानं, तिच्या पाठीमागून, कुणीतरी म्हणालं, ‘शेपूट.’

प्रतिध्वनी, ताई मनाशी म्हणाली. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. आवाज आपटून परत यावा असं तिथं काहीही नव्हतं. ना भिंत, ना टेकडी. सपाट पाणी आणि मिठाचे गुडघाभर उंचीचे ढीग.

पुढं केळी खायला थांबले तेव्हा डॉक्टरनं आपण होऊन तोंड उघडलं. ‘ताई, तू दोन दोनदा का ओरडतेस?’

‘कोण, मी?’

‘मघापासून दोनदा येतंय.’

‘वयोमान,’ बेकरीवाला केळं सोलत म्हणाला. ‘आपण बोललो का हे विसरतं माणूस.’ सगळे हसले, धाकटा सगळ्यांत मोठ्यानं. ताईही हसली, पण तिला ते काही गोड लागलं नाही.

त्यानंतर टिकटिक सुरू झाली. पायडल मारणं थांबवलं की सायकलच्या मागच्या चाकातून येते ना, तीच. ताई चढावर होती, जोर लावून पायडल मारत होती. तिच्या चाकातून टिकटिक यायचं कारणच नव्हतं. आवाज मागून येत होता. ती पाय रोवून थांबली आणि वळून पाहिलं. रस्ता लांबवर मोकळा होता, कडेला वाळत घातलेलं जाळं होतं, आणि जाळ्यावर झोपलेला एक कुत्रा उठून उभा राहिला होता. तो ताईकडे बघत नव्हता. तिच्या जरा मागं, रस्त्याच्या रिकाम्या तुकड्याकडे बघत होता. मग तो शेपटी पायांत घालून निघून गेला.

‘ताई, चल ना,’ पुढून धाकट्यानं हाक मारली. ‘बोट काय तुझ्या बापाची आहे?’

‘तुझ्याही बापाची नाही,’ ती म्हणाली आणि निघाली. भावाच्या पाठीवरचं पिवळं जाकीट समोर दिसलं की तिला बरं वाटायचं.

धुकं आलं ते समुद्राकडून, आणि आलं ते भर दुपारी. आधी क्षितिज गेलं, मग खडक गेले, मग रस्त्याची पलीकडची कड. हवा एकदम गार झाली आणि शेवाळाचा वास सुटला. सरांनी सगळ्यांना दिवे लावायला सांगितले. ताईला धाकट्याच्या सायकलचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता, जाकीटसुद्धा दिसेना.

‘आहात का?’

‘आहे.’ ‘आहे.’ ‘आहे.’

ताईनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मागून कुणीतरी बोललं. या वेळी ‘शेपूट’ म्हणालं नाही. ‘थांबा,’ म्हणालं. दमलेला, धाप लागलेला आवाज होता. बाईचा की पुरुषाचा ते कळत नव्हतं. ‘थांबा ना.’

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी माणसानं धूम ठोकावी. दुसरा कुणी असता तर त्यानं ठोकलीही असती. पण ताई शेपूट होती. मागे कुणीतरी दमून थांबा म्हणतंय आणि आपण पुढं जातोय, हे तिच्या अंगवळणीच नव्हतं. कुणीतरी एकटा सायकलवाला असेल, तिनं स्वतःला बजावलं, धुक्यात आपल्या आवाजांच्या मागं मागं येत असेल बिचारा. काळजात धडधडत होतं तरी ती रस्त्याच्या कडेला झाली आणि तीन दिवस कुणी मागे रेंगाळलं की म्हणायची तेच म्हणाली.

‘पुढे व्हा. मागे मी आहे.’

टिकटिक जवळ आली. तिच्या कोपराला गार वारा लागला. सायकलच्या उंचीएवढं धुकं जरा हललं आणि पुन्हा मिटलं. दिसलं काहीच नाही. डांबरावर मात्र चाकाची एक ओली रेघ उमटली होती, आणि ती पुढं धाकट्याच्या दिशेनं गेली होती.

ताईनं जीव खाऊन पायडल मारलं. लाल दिवा दिसला तेव्हा कुठे ती श्वास सोडू शकली.

‘आहात का?’

‘आहे.’ ‘आहे.’ ‘आहे.’ तिसरा आवाज धाकट्याचाच. तिनं कान देऊन ऐकला.

‘शेपूट,’ ती म्हणाली. मागून कुणी काही बोललं नाही. टिकटिकही थांबली होती. गेली पीडा, ती मनात म्हणाली, आणि धक्क्यापर्यंत तिनं त्या लाल दिव्यावरची नजर काढली नाही.

धक्क्यावर धुकं जरा विरळ होतं. बोट लागलेली होती. बेकरीवाला आणि डॉक्टर सायकली चढवत होते, सर खलाशाला सायकल कशी आडवी ठेवायची ते शिकवत होते. धाकटा कठड्यावर बसला होता. पिवळं जाकीट, मांडीवर हेल्मेट. ताईनं त्याच्या शेजारी बसकण मारली. भावजयीला दिलेला शब्द आता नुसत्या पाण्यापलीकडे होता.

‘पाय दुखतोय का रे?’ तिनं विचारलं.

‘आहे,’ तो म्हणाला.

‘काय आहे?’

तो हसला. ‘आहे.’

ताईला वाटलं चेष्टा करतोय. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं बाटलीकडे पाहिलं, घेतली नाही. त्याचे केस चिंब होते. धुक्यानं सगळ्यांचेच ओले होते म्हणा.

तेवढ्यात मागून, रस्त्यावरून, हाक आली. ‘ताई.’

फार लांबून आली होती. बोटीवर कुणाचं लक्षही गेलं नाही. पण तो आवाज तिनं पाळण्यातल्या रडण्यापासून ऐकला होता.

ती उठली. शेजारी धाकटा तसाच बसला होता आणि तिच्याकडे बघत होता. आता बरं दिसतं, की मघाशी? तिनं त्याचं नाक पाहिलं, कान पाहिले, हनुवटीवरचा व्रण पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

‘ता-ई.’

‘सगळे आले,’ शेजारचा म्हणाला. दर मुक्कामाला पोचल्यावर सर म्हणायचे अगदी तसंच.

तिला खूप भीती वाटत होती. बोटीत जाऊन सगळ्यांच्या मधोमध बसावं, असं अगदी मनापासून वाटत होतं. पण मागे कुणीतरी राहिलं होतं.

तिनं सायकल वळवली. ‘सर, मागे कुणीतरी आहे, मी आलेच. थांबा,’ ती ओरडली. सरांनी ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

ती धुक्यात शिरली न शिरली तोच मागून सरांचा आवाज आला. ‘आहात का?’

‘आहे.’

‘आहे.’

‘आहे.’

मग जरा वेळ काही नाही. आणि मग तिच्याच आवाजात, तिच्याच तोऱ्यात कुणीतरी म्हणालं,

‘शेपूट.’

बोटीचा भोंगा वाजला.

ती परत फिरली नाही. हाकेच्या दिशेनं पायडल मारत राहिली.

धाकटा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. चेन निघून चाकात अडकली होती, हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि तो संतापानं लालबुंद झाला होता. ‘काय गं चष्मिस? शेपूट म्हणे. माझ्या शेजारून सरळ निघून गेलीस. मी नरड्याच्या शिरा ताणून हाका मारतोय, तर पुढून आपलं नुसतं आहे, आहे. काय आहे? मी इथं आहे.’

ताईनं त्याचा काळाकुट्ट हात धरला. हात गरम होता. ती रडू लागली, आणि धाकटा रागवायचं विसरला.

चेन काही बसली नाही. दोघं सायकली हातात धरून चालत धक्क्यावर आले. धक्का रिकामा होता. कठड्यावर मघाचा तो बसला होता तिथं दगड ओला होता. लांब पाण्यावर बोटीचा ठिपका धुक्यात जात होता.

‘गेले?’ धाकटा म्हणाला. ‘आपल्याला सोडून? हा काय प्रकार आहे?’

ताईनं फोन काढला. नेटवर्कची एकही दांडी नव्हती. सरांना लावला, लागला नाही. डॉक्टरला लावला, लागला नाही. ती फोन उंच धरून धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, आणि तिथं तो तिच्या हातात वाजला. भावजय होती.

‘ताई, ऐकू येतंय का?’

‘ऐक, आधी माझं ऐक,’ ताई म्हणाली. ‘धाकटा इथं माझ्याजवळ...’

‘हॅलो? तुमचं काही ऐकूच येत नाही हो. बोटीच्या इंजिनाचा आवाज असेल. असू दे, मीच बोलते. सरांनी फोटो पाठवला बोटीवरचा. तुम्ही दिसत नाही त्यात, शेवटी चढला असाल. मग सरांनी फोन केला आणि ह्यांच्याकडे दिला. किती दमलेत हो. काहीही विचारलं तरी आपलं नुसतं आहे, आहे. पण आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी पोरीला घेऊन धक्क्यावर निघालेय. ती मघापासून दारातच उभी आहे, बाबांच्या मांडीवर मीच आधी बसणार म्हणते. ठेवते हं.’