शेपटी खंय पडली?

"आक्का, शेपटी खंय पडली गो?"

चौतीस वर्षांपूर्वीचा तो आवाज हेमांगीच्या कानात अजून ओला होता. आंबोलीच्या सड्यावर, उघड्या कातळावरच्या डबक्यात कोपरापर्यंत हात घालून तिचा पाच वर्षांचा भाऊ रवळू बेडकाच्या पिलाची हरवलेली शेपटी चाचपत होता. "पाण्यान गिळली," तिनं थाप मारली होती.

आज तोच रवळू तिच्या प्रयोगशाळेतल्या श्वासकुंडात गळ्यापर्यंत बुडून होता. खडीच्या क्रशरवर राबून दोन्ही फुप्फुसं दगड झालेली. मानेतल्या नळीतून प्राणवायू थेट रक्तात जाई. बोलणं कुजबुजीपुरतं उरलेलं.

प्रयोगाच्या तपासणीला आलेल्या डॉक्टर नसीम मुकादम काचेवर वाकल्या. "हा चाळीस दिवस जेवणार नाही?"

"बेडूकमासाही त्या दिवसांत जेवत नाही, मॅडम. तोंड बदलतं, आतडं आखडतं, कल्ले जाऊन फुप्फुसं येतात. तोवर तो शेपटीवर जगतो. शेपटी गळत नाही, अंगातच जिरते. आमचा रूपांतर-रस माणसाकडून तेच करवून घेतो."

"माणसाला कुठली आलीय शेपटी?"

"जे वापरात नाही, ते शरीराच्या लेखी शेपटी. पहिल्या रुग्णाचा डावा हात बांधलेला होता. फुप्फुसं आली, हात वाळला. दुसऱ्या बाई कानडीही बोलायच्या. इथं त्यांच्याशी कानडी कुणी बोललं नाही. ती जिरली."

मुकादमांनी काचेलगतचा कागद उचलला. मग म्हणाल्या, "म्हणून हे उजळणी-पत्रक?"

"हो. जे राखायचं ते रोज वापरायचं. बोटं, डोळे, गाव, आईबाप, दशावतारात वाजवायचा तो पखवाज, सगळं."

"आणि तुमचा कुणी नात्यातला नाही ना हा? रक्ताच्या माणसानं रस द्यायचा नाही. त्याचा हात कचरतो. तसं निघालं तर प्रयोग त्याच दिवशी बंद."

हेमांगीचं आडनाव सासरचं होतं. "नाही," ती म्हणाली. छतातल्या साक्षीनेत्रानं, प्रयोगावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यानं, तेही टिपून घेतलं. प्रयोग थांबला असता, तर रवळूकडे पंधरवडाही नव्हता.

मुकादम गेल्यावर रवळूनं डोळा मिचकावला. "मी तुमका वळखूकच नाय, डॉक्टरानू!"

ती हसू दाबत पत्रकाकडे वळली.

चाळीस दिवस दोघांनी नाटक चोख वठवलं. ती विचारी, तो सांगे. गाव? आईचं नाव? देवळापुढचं झाड? मग बोटं द्रवात चालत, "धा धा दिं ता, किट धा दिं ता." भावंडांचा रकाना तिनं स्वतःच गाळला होता. त्याच्या तोंडून चुकून 'आक्का' निसटलं तर? साक्षीनेत्र पापणी मिटत नव्हता. पहिल्या आठवड्यात तो अधूनमधून डोळा मिचकावी. पुढे ते थांबलं. किती पक्का नट झालाय, तिला वाटलं.

एकेचाळिसाव्या दिवशी नळी निघाली. रवळूनं छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात आईचं नाव घेतलं. गाव सांगितलं, झाड सांगितलं. गुडघ्यावर पखवाजाचा ठेका धरला. मदतनिसांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे पांगल्यावर ती त्याच्या कानाशी वाकली. "नाटक सरला, रवळू."

"कसला नाटक, डॉक्टरानू?"

"पुरे मरे मस्करी! सड्यावरचा डबका आठवता?"

"आठवता तर! कोपरभर हात घालून शेपटी सोदी होतंय मी."

"आणि तुझ्या वांगडा, सोबतीक, कोण होता?"

तो आठवू लागला. कपाळाला आठी पडली आणि तशीच विरली. "कोण नाय. मी एकलोच." मग तिच्या डोळ्यांकडे बघत तो अवघडून म्हणाला, "तुमी रडतास कित्याक? तुमका माझ्यासारखो कोण भाव असा?"

वर साक्षीनेत्र उघडाच होता. तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं, मग रवळूचा हात हातात घेतला.

"असा. शेपटी पाण्यान गिळली म्हणान मी तेका फसवलंय. ती खंय पडना नाय रे, बाबू, बेडकाच्या आंगातच जिरता. मी आक्का. तुझी आक्का."