तीन माणसांचं बुकिंग

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. मी वाद घालणार नाही.

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आणि आत्याला गोष्टी रचता येत नाहीत. एकतीस वर्षं तिने वॉर्डात नर्सची नोकरी केली. जे दिसलं तेवढंच कागदावर लिहायचं, ही तिची सवय.

शिवाय हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. मंगळवार होता. दुपारचे साडेचार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर आलं होतं.

टेबलावर नकाशा पसरलेला होता.

आत्या आणि काका, म्हणजे तिचे यजमान, दक्षिणेला निघायचं ठरवत होते. दोन महिन्यांचा प्रवास. अंगणात एक जुनी मोटरहोम उभी होती. काकांनी ती आतून स्वतः नीट केली होती. मागे दोघांचा पलंग, मध्ये शेगडी आणि बेसिन, दाराशी एक अरुंद, बुटका पलंग, सामान ठेवायला.

अट एकच. वाटेत मोठं शहर नको.

काका चौतीस वर्षं मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करत होते. "शहरात माणूस आयुष्यभर नुसता वर-खाली करतो," ते म्हणायचे, "पुढे म्हणून कधी जात नाही." नकाशावर त्यांनी सात मोठ्या शहरांभोवती सात लाल गोल काढले होते. पेन्सिलची रेघ त्या गोलांना वळसे घालत, लहान लहान गावांमधून खाली समुद्रापर्यंत गेली होती.

खरं सांगायचं तर दोघंही दमलेले होते.

काकांची आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. मागच्या खोलीत. कूस बदलणं, आंघोळ, औषधं, सगळं आत्याने केलं. नोकरी सांभाळून केलं, निवृत्तीनंतरही केलं. अकरा वर्षांत तिला सलग चार तास झोप मिळाली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आत्या रडली नाही. भिंतीला टेकून बसली, ती बसल्या जागी झोपली.

त्यानंतर तिला एक सवय लागली. चार वाजले की डोळे मिटायचे. सोफ्यावर पंधरा-वीस मिनिटं मेल्यासारखी झोपायची.

तर त्या मंगळवारी झोपून उठली, चहा टाकला, आणि पहिल्या मुक्कामाला फोन लावला. तळ्याकाठची जागा होती. गाडी लावायची, पाण्याचा नळ, विजेची सोय.

पलीकडच्या माणसाने वही उलटल्याचा आवाज आला.

मग…

"तुमचं बुकिंग झालंय की. बारा तारीख. तीन माणसं."

आत्याला वाटलं, काकांनी केलं असेल. तीन म्हणजे ऐकण्यात चूक. तिने पुढचा फोन लावला. दुसरा मुक्काम एका शेतावर होता. एक बाई बोलल्या. आवाज हसरा.

"अहो, कालच आजींशी बोलणं झालं. गोड आहेत हो. सपाट जागा द्या म्हणाल्या, चढ नको."

"कोण आजी?"

"तुमच्या सासूबाई ना? मी म्हटलं घरातल्या कुणाला फोन द्या. तर म्हणाल्या…"

"काय म्हणाल्या?"

"सून झोपलीय, तिला उठवू नका. अकरा वर्षांत आत्ता कुठे झोपतेय."

आत्याने विचारलं, कुठल्या नंबरवरून फोन आला होता.

"ह्याच की. आत्ता बोलताय त्याच."

चहा उतू गेला. गॅस बंद करायचं तिला सुचलं नाही.

काका अंगणातून हात पुसत आले. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक कॉल. चार सतरा, दुसरा. त्याच्या खाली आणखी चार.

त्या वेळी आत्या सोफ्यावर झोपलेली होती. काका गाडीखाली होते. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"तूच केले असशील," काका म्हणाले. "झोपेत. दमलीयस."

"झोपेत मी तुमची आई झाले होते का?"

काका हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

त्यांनी खुर्ची ओढली. खोडरबर घेतलं, नकाशावरचा तिसरा मुक्काम पुसला. नदीपलीकडचं एक बारकंसं गाव निवडलं. इतकं बारकं, की चष्मा लावूनही नाव वाचता येईना. या गावाचा विचार पाच मिनिटांपूर्वी त्यांच्याही डोक्यात नव्हता. शोधाशोध करून तिथल्या एका गॅरेजवाल्याचा नंबर मिळाला. मागच्या आवारात गाड्या लावू द्यायचा तो.

काकांनी स्वतः फोन लावला.

"हो, सांगितलंय ना आजींनी," गॅरेजवाला म्हणाला. "तीन माणसं. मुलगा ऐन वेळी रस्ता बदलेल, म्हणून आधीच कळवते, असं म्हणाल्या."

काकांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. बराच वेळ ते आपल्या बोटांवरचं काळं ग्रीस बघत बसले.

मी नंतर आत्याला विचारलं होतं, तेव्हा तुला भीती वाटली का.

"नाही रे," ती म्हणाली. "मला वाटलं, अजून संपलं नाही. पुन्हा उठायचं, पुन्हा उशी सारखी करायची. इतका कंटाळा आला मला… आणि त्या कंटाळ्याचीच लाज वाटली."

शेवटचा मुक्काम तेवढा राहिला होता. अगदी दक्षिणेचं टोक. समुद्रासमोर चार खोल्या आणि गाड्यांसाठी मैदान. काका नको म्हणत होते. आत्याने तरी लावला.

तिथल्या मालकिणीने यादी बघितली. तिकडे बुकिंग होतं. पण तीन माणसांचं नव्हतं.

एकाच माणसाचं होतं.

"बाकीचे दोघं यायचे नाहीत म्हणाल्या," मालकीण म्हणाली. "निघणारच नाहीत ते, असं म्हणाल्या."

त्या संध्याकाळी काकांनी नकाशाची घडी घातली. आत्याने एकेका ठिकाणी फोन करून सगळं रद्द केलं. गाडीवर ताडपत्री चढली. दोघांनी ठरवलं, हा विषय काढायचा नाही. पंधरा-वीस दिवस खरंच काही झालं नाही. आत्याला झोप लागायला लागली. तिचा जीव भांड्यात पडला.

मग बारा तारीख आली.

दुपारी तळ्याकाठच्या माणसाचा फोन आला. थोडा चिडलेला होता.

"रद्द म्हणालात, आणि आजींना एकटं पाठवलंत? ह्या वयात?"

"कुणाला?"

"आल्या होत्या ना. तळ्याकडे बघत बसल्या. आत्ता चहा घेऊन गेलो, तर…"

"तर?"

"बाकावर कुणी नाही. पुढे गेल्या असतील."

काका म्हणाले, कुणीतरी टवाळखोर आहे. चौदा तारखेला शेतावरच्या बाईंचा फोन आला. सोळाला गॅरेजवाल्याचा. प्रत्येकाचं म्हणणं तेच. आल्या, बसल्या, गेल्या. गाडी कुणी बघितली नाही. पायांचा आवाज कुणी ऐकला नाही. लाल गोलांमधल्या एकाही शहरातून फोन आला नाही. म्हातारी वळसे घालत, लहान गावांमधूनच चालली होती.

आमच्या काकांनी आखलेल्या रस्त्याने.

सव्वीस तारखेला समुद्राकाठच्या मालकिणीचा फोन आला. ती चिडलेली नव्हती. काळजीत होती.

"तुमच्या आजी पोहोचल्यात. खूप थकल्यात. झोपवलंय मी. पण कालपासून पोटात काही नाही. चमचा पुढे केला की तोंड फिरवतात. म्हणतात, सून भरवेल."

सासूबाई शेवटच्या तीन वर्षांत आत्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नव्हत्या. पोटच्या मुलाच्या हातूनसुद्धा नाही. घरातल्या दोघांखेरीज ही गोष्ट फक्त मला माहीत होती.

"कधी येताय न्यायला?" मालकिणीने विचारलं.

आत्याने फोन ठेवला. काकांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आज पाणीही घेतलं नाही," मालकीण म्हणाली, "डोळे खोल गेलेत."

चौथ्या दिवशी सकाळी काका उठले, तर अंगणातून आवाज आला. आत्या एकटीच ताडपत्री ओढत होती.

"अगं, काय करतेस?"

"दाराजवळच्या पलंगावरचं सामान काढा," आत्या म्हणाली. "आणि टायरमधली हवा बघा."

"ती गेलीय. तुझ्या हातांवर गेलीय."

"मला माहितीय."

"मग?"

"कुणीतरी उपाशी आहे अहो. मला बसवत नाही."

काका वाद घालणार होते. पण आत्याचा चेहरा बघून त्यांनी चपला घातल्या आणि हवेचा पंप आणला. निघण्यापूर्वी आत्याने मला बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. मी सोबत येतो म्हटलं. ती म्हणाली, "झोपायला जागा तिघांचीच आहे रे."

एरवी मी हसलो असतो.

वाटेतून तिचे फोन यायचे. सगळं ठीक, काका सावकाश चालवतायत, शहर एकही लागलं नाही. दहाव्या दिवशी मीच फोन लावला. ते समुद्राकाठी पोहोचले होते. मागे लाटांचा आवाज येत होता.

"पाहिलंस? काही नव्हतंच ना तिथे?" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन.

चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला… हळू, दोनदा.

"हळू बोल," आत्या कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

याला आता तीन आठवडे झाले. ते अजून परत फिरलेले नाहीत. मी रोज विचारतो, कधी निघताय. आत्या म्हणते, त्यांना जरा बरं वाटू दे. तिचा आवाज दिवसेंदिवस थकत चाललाय. समुद्राकाठी पोहोचल्यापासून काकांचा आवाज मी ऐकलेला नाही. काल त्यांना फोन द्यायला सांगितलं, तर म्हणाली, ते गाडीखाली आहेत.

परवाही ती हेच म्हणाली होती.