क्षिप्राचा गुडघा आणि घाईचा एमआरआय

"ओ मिस्टर, रांग कळते का?"

क्षिप्राचा आवाज कल्याणच्या त्या स्कॅन सेंटरमध्ये असा घुमला की काउंटरवरची मुलगी दचकलीच. कारणही तसंच होतं. निळा टी-शर्ट, उजवा हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्यावर उगाचच हसू... हा मुलगा तिच्यानंतर आला, तिच्याआधी आत गेला आणि तिच्या हातातला चहा निवायच्या आत बाहेरसुद्धा आला!

आणि क्षिप्रा? ती मोहन्याहून तिसऱ्यांदा आलेली. दोन्ही वेळा मशीनच्या त्या बोगद्यात अर्धा अर्धा तास पडून राहिली, दोन्ही वेळा सुजलेल्या गुडघ्यात कळ आली, पाय हलला आणि सगळे फोटो धूसर. रविवारी ठाण्यात खो-खोच्या राज्य संघाची निवड. डॉक्टरांनी बजावलेलं — एमआरआय बघितल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही.

"रांग कळते," तो म्हणाला. "पण मला बोलावलं... मी गेलो."

"ओळख असेल!"

"आत्ता झाली ना. मी अद्वय. डोंबिवली, व्हॉलीबॉल, खांदा."

"मी नाव विचारलं?"

"नाही. पण नाव माहीत असलं की भांडायला बरं पडतं."

क्षिप्राला हसू येत होतं. तिने ते दाताखाली दाबलं. भांडताना हसायचं म्हणजे काय!

"इतक्यात कोणाचा एमआरआय होतो रे?"

"नवी पद्धत आहे. मशीन मोजमापं कमी घेतं, उरलेलं चित्र कॉम्प्युटर गणिताने जुळवतो. सांध्यांचे असेच काढतात इथे... तुला कोणी बोललं नाही?"

नाही बोललं! क्षिप्रा तरातरा — म्हणजे लंगडत, पण तरातराच — मशीन चालवणाऱ्या रतनताईंसमोर जाऊन उभी राहिली.

"ताई, जलदवाला आहे आणि मला दोनदा अर्ध्या तासाची शिक्षा?"

"अगं, पहिल्याच दिवशी सांगितलेलं मी," रतनताई म्हणाल्या आणि तिच्या मागे बघू लागल्या. "तुझे बाबाच म्हणाले, घाईचा नको, मोठावाला काढा."

क्षिप्रा वळली. मागे बाबा. पाण्याची बाटली छातीशी धरून.

"बाबा?"

"अगं, इतक्या कमी वेळात काय दिसणार? जेवढा वेळ, तेवढं नीट काम. दोन शिट्ट्यांत काबुली चणे शिजतात का?"

"माझा गुडघा काबुली चणा आहे?"

"काका, मी सांगू का..." अद्वय पुढे सरसावला.

"तू गप्प! हे माझं भांडण आहे."

तो गप्प झाला. अगदी लगेच. फक्त डाव्या हाताने एक खुर्ची हळूच तिच्या मागे सरकवली... आणि क्षिप्रा, बघा, बसून भांडायला लागली.

"कळ मला सोसायची होती बाबा, तुम्हाला नाही. रविवारी ठाण्यात निवड आहे, कोणी थांबणार आहे का माझ्यासाठी? आणि धूसर फोटोत कोणाला काय दिसलं?"

"मला वाटलं, तुझ्या भल्याचं..."

"मग मला विचारायचं! गुडघा कोणाचा?"

बाबांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मग रतनताईंना म्हणाले, "ती सांगेल तसं करा."

आत मशीन नेहमीसारखंच ठोकाठोक करत होतं. गुडघ्यात कळ डोकं वर काढतेय तोवर रतनताईंचा आवाज आला, "झालं गं."

फोटो आरशासारखे स्वच्छ. गुडघ्यातली गादी फाटलेली. रविवारी खेळली असती तर गुडघा कायमचा गेला असता, डॉक्टर म्हणाले. तीन महिने खेळ बंद. इतक्या स्वच्छ फोटोशी भांडताही येईना.

तरी रविवारी ती ठाण्याला गेली. मैत्रिणींसाठी ओरडायला. कडेच्या पायरीवर बसली, तर समोर निळा टी-शर्ट.

"तू इथे?"

"तुझा खेळ बघायला. सेंटरमध्ये एवढ्या मोठ्याने सांगितलंस, अख्ख्या कल्याणला माहितीये. शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो, नाहीतर आधीच आलो असतो."

"मी खेळत नाहीये."

"दिसतंय," तो हळूच म्हणाला.

मैदानात तिच्या जागी दुसरीच मुलगी पळत होती. क्षिप्राचे डोळे भरून आले.

"रडत नाहीये मी. चिडलेय."

"कोणावर?"

"गुडघ्यावर! बाबांवर! त्या मशीनवर — इतकं स्पष्ट दाखवायची काय गरज होती? आणि तुझ्यावर!"

"मी काय केलं?"

"डोक्यातून जात नाहीयेस! मला नीट दुःख करायचं होतं आणि सारखा मध्ये तू... तुझी ती खुर्ची... आवडतोस तू मला. आणि हे मला आत्ता अजिबात नको होतं!"

इतका बोलका मुलगा, पण कानापर्यंत लाल झाला. "मग... मी जाऊ?"

"बस खाली!"

तो बसला. त्याने डावा हात पुढे केला आणि क्षिप्राने तो धरला... रागातच, पण चांगला घट्ट.