भरीव भिंत

त्या सकाळी मी नुसता भिंत वाजवायला गेलो होतो. हसू नका, गिलाव्याच्या मुकादमाला हे करावंच लागतं. गिलावा वाळला की हातोडीच्या लाकडी दांड्यानं भिंत ठोकत ठोकत जायचं. विटेला घट्ट धरलेला गिलावा टणक वाजतो, सुटलेला पोकळ. पोकळ वाजलं की खडूनं रेघ मारायची आणि तेवढं फोडून पुन्हा भरायचं.

काम होतं नव्या कलाकेंद्राचं. नाचाचे वर्ग झाले, चित्रांचं दालन झालं, मागे राहिलं होतं फक्त मोठं प्रेक्षागृह. उद्घाटनाची तारीख ठरलेली, त्यामुळे इंजिनिअरसाहेब पायाला भिंगरी लावून फिरत होते. त्या प्रेक्षागृहाला एकही खिडकी नाही. बाहेर रणरणतं ऊन असो, आत शिरलं की काळोख, ओल्या सिमेंटचा वास, आणि आपलाच श्वास आपल्याला ऐकू येणार.

तिथला रखवालदार माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता, त्यामुळे भाऊ कमी आणि लेकरू जास्त. त्याची बायको वारल्यापासून तो पार खचला होता, घरात कुणाशी बोलत नव्हता. माणसांत राहील, सावरेल, म्हणून साहेबांच्या मागे लागून मीच त्याला इथे चिकटवला. रंगमंचाशेजारच्या मेकअपच्या खोलीत त्याची खाट होती, प्रेक्षागृहाच्या भिंतीला अगदी खेटून.

तर त्या सकाळी, त्याच भिंतीच्या पार मागच्या टोकाला, दारापाशी, एक जागा पोकळ वाजली. खडू फिरवत गेलो आणि मागे सरून दिवा धरला. रेघ उभी होती, माणसाएवढी. वर निमुळती, मग खांद्याएवढी रुंद. आपला गवंडी म्हणाला, "मुकादम, चित्रांचं दालन पलीकडे आहे."

त्यानं छिन्नी लावली. गिलावा काही केल्या निघेना. विटेला असा चिकटलेला की वीटच फुटून आली. मागे सगळं भरीव. "कान तपासून घ्या," गवंडी म्हणाला. मलाही वाटलं, वय झालं आता.

दुसऱ्या दिवशी तीच जागा टणक वाजली. पोकळ वाजत होती तिच्या पुढची, रंगमंचाच्या बाजूची. आकार तोच. पुढच्या दिवशी आणखी पुढे. मी रोज खडू मारत गेलो, तशी एकामागून एक माणसं रांगेत उभी असल्यासारखी भिंत दिसायला लागली. त्या जागेला नाक लावलं तर कुबट वास यायचा, बरेच दिवस न उघडलेल्या पेटीसारखा. आता गवंडीही थट्टा करेनासा झाला.

साहेबांना दाखवलं तर ते माझ्यावरच उखडले. "लाकडी पॅनेलं येऊन पडलीत. एकदा ती लागली की भिंत कुणाला दिसणार आहे?"

मी रांगेच्या पुढे पाहिलं. ती सरळ धाकट्याच्या खाटेकडे चालली होती. तसाच त्याच्या खोलीत गेलो.

"खाट हलव इथून. त्या खिडकीखाली घे."

"का रे दादा?"

"सांगतोय ना, हलव."

तो हसला. किती दिवसांनी हसला होता! म्हणाला, "त्या आवाजापायी सांगतोयस होय? अरे, मला वाटलं तूच भिंत वाजवत बसतोस उशिरापर्यंत. मग मीही इकडून वाजवतो. मी दोनदा वाजवलं की तिकडूनही दोनदा..."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले की बरेच दिवस. आधी पार लांबून यायचा. आता उशाशीच आलाय." मग खाली बघत म्हणाला, "असू दे ना दादा. तेवढीच सोबत."

मी हात जोडले, रागावलो, घरी चल म्हणून दंडाला धरून ओढला. तो ऐकेना. पॅनेलं चोरीला गेली तर नोकरी जाईल, म्हणाला. मला मात्र दिसत होतं, त्याला ती सोबत सोडवत नव्हती.

मग मी मला येतं तेच केलं. भिंतीत तडा पुढे पुढे सरकत असेल तर आम्ही त्याच्या वाटेत आरपार खाच पाडतो. भिंत तुटली की तडा तिथेच थांबतो, ओलांडून जायला त्याला काही उरत नाही. गवंड्याला घेऊन मी खाटेच्या अलीकडे जमिनीपासून वरच्या बीमपर्यंत भिंत चिरली. खाचेतून धाकट्याच्या खोलीतला उजेड आत आला. तो पलीकडून डोळा लावून म्हणाला, "दादा, आता चहा इथूनच देत जा." मीही हसलो. जिंकलो असं वाटलं मला, अहो!

सकाळी येऊन बघतो तर गवंड्यानं खाच भरूनही टाकली होती. साहेबांचा हुकूम. मी भिंत वाजवत निघालो. टणक. टणक. शेवटपर्यंत टणक. पोकळ जागा कुठेच नव्हती! मला रडूच फुटलं.

तेवढ्यात धाकटा रंगमंचावरून उतरून आला. आंघोळ करून, केस विंचरून, हसतमुख. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि पाठीवर थाप दिली.

पाठ पोकळ वाजली.

माझा हात तसाच राहिला. पुन्हा हळूच थोपटलं... तोच आवाज. त्याच्या शर्टाला कुबट वास येत होता. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. तडा थांबवायला खाच पाडतात. चालत येणाऱ्याला खाच म्हणजे दार.

"काय झालं, मुकादम?" तो म्हणाला.

जन्मात त्यानं मला दादाशिवाय हाक मारली नव्हती.

मी भिंतीकडे पळालो, भरलेल्या खाचेला कान लावला. आधी काहीच नाही. मग फार खोलातून, विटांच्याही आतून, दोनदा ठक ठक... आणि मग, "दादा..."

मी घण उचलला. किती वेळ फोडत होतो कोण जाणे. वीट निघायची, तिच्यामागे वीट, तिच्यामागे पलीकडची खोली आणि रिकामी खाट. आवाज मात्र आतूनच येत होता, कधी या विटेतून, कधी त्या. माणसांनी मला धरून बाहेर काढलं तेव्हा माझे हात सोलले होते. भाऊ समोर धडधाकट उभा असताना मुकादमाचं डोकं फिरलं, असं जो तो म्हणत होता.

भोक बुजवलं. दुपारी सुतार पॅनेलं ठोकायला लागले. मला दारापाशी बसवून गवंडी माझा खांदा धरून होता. प्रत्येक खिळ्यामागून भिंतीतून एक ठोका परत यायचा. सुतार खूश होऊन म्हणाला, "काय सुरेख घुमतंय हॉल!"

धाकटा शिडीखाली उभा होता. हात वर करून सुताराला एकेक खिळा देत होता.